कर्ली नदीला रोज थोडा वेळ इंजिनाविना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. तारकर्ली-देवबागला गेल्यावर काय काय करावे याची त्यात लांबलचक यादी होती: स्कुबा, पॅरासेलिंग, जेट-स्की, बनाना राईड, त्सुनामी बेट. आम्ही नुकतेच देवबागला कर्ली नदीकाठच्या एका कॉटेजमध्ये सहकुटुंब राहून आलो. यातले काहीही केले नाही. आम्हाला तिथे जे मिळाले ते त्या यादीत कुठेच नव्हते, म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीचा खर्चीवाला, म्हणजे दुसऱ्याच्या सुताचे कापड मजुरीवर विणून देणारा यंत्रमागधारक. घरामागेच शेड आहे. माग सुरू असले की आत नव्वद डेसिबलच्या पुढे आवाज असतो. खुणांनी बोलायचे, नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडायचे. वडिलांची सारी हयात धोट्याच्या (मागावर आडवे सूत नेणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) खडखडाटात गेली. त्यांना आता कमी ऐकू येते आणि त्यांच्यामुळे घरात आम्ही सगळेच चढ्या आवाजात बोलतो. पाहुणे आले की त्यांना वाटते, भांडण चालले आहे. दिवाळीत माग थांबतात तेवढीच उसंत. यंदा भाऊबीज उरकून आई-वडील, आम्ही नवरा-बायको, दोन मुले आणि माहेरी आलेली बहीण असे सगळे राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाटमार्गे मालवणकडे निघालो.

नदी म्हटले की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे पंचगंगा येते. जलपर्णीने झाकलेली, फेस आलेली, कधी काठाला मेलेले मासे लागलेली. 'पाण्यात हात घालू नको' हेच त्यांना लहानपणापासून सांगत आलो. वाटेत राधानगरीला भोगावती दाखवली आणि म्हटले, हेच पाणी पुढे आपल्या पंचगंगेत येते. थोरलीला ते पटले नाही. तिने आजीला विचारून खात्री करून घेतली.

देवबाग ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली, मध्ये माड, घरे आणि रस्ता. आमचे कॉटेज नदीच्या अंगाला होते. जांभ्याच्या भिंती, वर कौले, पुढे सारवलेले खळे, म्हणजे अंगण, आणि खळ्यातून पायऱ्या थेट पाण्यात. समोर कांदळवन, मुखाकडे भोगव्याचा डोंगर. कॉटेजवाल्या काकी स्वतः रांधायच्या. आई माळकरी, त्यामुळे तिची काळजी होती; पण काकींनी न सांगता तिची भांडी वेगळी काढली आणि तिला काळ्या वाटाण्याचे सांबार नि आंबोळ्या केल्या. सकाळी लवकर आवरायची आमची सवय पाहून त्या म्हणाल्या, "सावकाश उठा, घावणे मी गरमच घालतंय." आमच्या घरात बायकांना 'सावकाश उठा' असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. बहीण आणि बायको खरोखरच उशिरा उठल्या.

मुलांना मात्र काकींच्या सासऱ्यांनी कामाला लावले. त्यांनी भरतीचे गणित शिकवले: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. त्या दिवशी कार्तिकातली पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. दुपारी पावणेचारला पोरे पायरीवर खडूची खूण करून बसली, आणि पाणी चढत येऊन थांबले. दुसऱ्या दिवशी षष्ठी, म्हणजे साडेचार. मिनिटा-मिनिटाला बरोबर येत नाही, पण होडीवाल्याला पुरेसे येते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे कमी चढ-उताराची भरती, हेही त्यांनीच सांगितले. माझा धाकटा शाळेत पाढ्यांना कंटाळतो. इथे पाऊणकी तोंडपाठ करून आला. सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी असायची तेव्हा गावातल्या बायका गुडघाभर पाण्यात तिसऱ्या (खायचे शिंपले) काढायच्या. बहीणही परकर खोचून त्यांच्यात गेली. संध्याकाळी तिसऱ्यांचे सुके झाले.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील पायरीवर बसले होते. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाले, "कसला आवाज येतोय रे?" मला काहीच कळेना. नंतर दिसले, पलीकडून एक माणूस होडी वल्हवत येत होता. वल्हे पाण्यात पडल्याचा आवाज वडिलांना ऐकू आला होता! मागाच्या आवाजाने आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, जाड आवाज बराच काळ राहतात, असे कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितले होते. ते जाड आवाजही एरवी आमच्या घरात बुडून जातात. त्या सकाळी वडील खूप बोलले. धोटा घरच्या सुताराकडून तासून घ्यायचे त्या काळातले, आजोबांचे. आम्ही कोणीही ओरडलो नाही आणि तरी त्यांना सगळे कळत होते.

दहा वाजता पहिली मोटारबोट आली आणि मग रांगच लागली. काहींवर स्पीकर. वडील उठून खोलीत गेले ते ऊन उतरेपर्यंत बाहेर आले नाहीत. शेवटच्या रात्री जवळच कुठेतरी पार्टी होती. तिथला लाऊडस्पीकर दहा वाजून गेल्यावरही बराच वेळ चालू राहिला.

बोटी बंद करा असे मी म्हणणार नाही. ज्याचे पोट यंत्रावर आहे तो दुसऱ्याचे यंत्र बंद करा कसे म्हणेल? या बोटींवर तिथली कितीतरी घरे चालतात. पण वेळ तरी वाटून घेता येईल. जलक्रीडेचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळ देते. त्यांच्या अटींत एवढे घालावे की नदीच्या पात्रात सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर फक्त वल्ह्याच्या होड्या चालतील आणि प्रवासी बोटीवर स्पीकर नसेल. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहेच. ग्रामपंचायतीने कॉटेजवाल्यांना ती लेखी कळवावी आणि प्रत्येक खोलीत पाटी लावायला सांगावी. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. तसे कर्लीवर पहाटे कोणी नेले तर मोटारबोटीइतके पैसे मी आनंदाने देईन, आणि माझ्यासारखे आणखी निघतील. सिंधुदुर्ग 1997 सालापासून पर्यटन जिल्हा आहे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणारेही पर्यटकच असतात.

आपल्याकडेही एक मागणे आहे. उन्हाळी सुट्टीच्या पुरवणीत पुन्हा कोकणावर लेख येईल. त्यात कुठल्या गावात काय खेळता येते त्यासोबत त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापा. पाण्याकडच्या पायऱ्यांना कठडा कुठे आहे, माळकऱ्यांचे जेवण वेगळे कुठे होते, बोटींचा धक्का घरापासून किती लांब आहे, हे विचारून लिहा. आम्ही फोनवर चौकशी केली तेव्हा यातले काहीच कोणी आपणहून सांगितले नाही, सगळ्यांनी आधी पॅकेजचे दर सांगितले.

आपला,
एक यंत्रमागधारक, इचलकरंजी