मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री यांना खुलं पत्र : कटकच्या पोलीस कबुतरांची नीट नोंद करून ठेवा

मंत्री महोदय, नमस्कार.

ओडिशा पोलिसांची कबुतर सेवा तुमच्या कानावर आली असेलच. १९४६ साली लष्कराने २०० कबुतरं दिली आणि कोरापुटच्या डोंगराळ भागात कबुतरांकरवी निरोप पाठवायचं काम सुरू झालं. १९४८ मध्ये पंडित नेहरूंचा निरोप संबलपूरहून कटकला कबुतराने पोचवला. १९८२ च्या पुरात कटक जिल्ह्यातल्या बांकी गावाचा संपर्क तुटला, १९९९ च्या महाचक्रीवादळात तर किनाऱ्यावरचे फोन-वायरलेस सगळं कोलमडलं, तेव्हाही हीच पाखरं कामी आली. पुढे मोबाईल-इंटरनेट आलं आणि सेवा थांबली, ते समजू शकतो.

पण यामागची मेहनत बघा ना. लोकांना वाटतं चिठ्ठी बांधली की कबुतर सांगाल तिथे जातं, तसं अजिबात नाहीये, ते फक्त आपल्या घरी परततं. म्हणजे आधी त्याला पिंजऱ्यातून लांबच्या ठाण्यात न्यायचं, तिथे फार दिवस ठेवायचं नाही कारण मग ते तिथेच रमतं, आणि वेळ आली की पातळ कागदाची गुंडाळी नळीत घालून पायाला अडकवायची नि सोडायचं. वाटेत ससाणा असतो, म्हणून महत्त्वाचा निरोप दोन-दोन कबुतरांबरोबर पाठवायची पद्धत होती. जाऊन परत यायला शिकवायचं असेल तर दाणापाणी एकीकडे आणि मुक्काम दुसरीकडे अशी सवय लावावी लागते, ओडिशात या प्रकाराला बूमरँग म्हणायचे. कुठल्या पिल्लाला कधी उडवायचं, किती अंतर वाढवत न्यायचं, हे सगळं त्यांना सांभाळणाऱ्या कॉन्स्टेबल लोकांना माहीत, आणि ती माणसं आता रिटायर होत चाललीत.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या कामगिरीसाठी ३२ कबुतरांना डिकिन मेडल, म्हणजे प्राण्यांसाठीचं शौर्यपदक, मिळालं. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये निरोप पोचवणारं शेर आमी नावाचं कबुतर स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलंय. आपल्याकडची पाखरं तर पूर-वादळात माणसांच्या मदतीला धावली, मला ते जास्त मोठं वाटतं!

म्हणून विनंती आहे, कटकला जी कबुतरं अजून पाळलीत ती फक्त समारंभात उडवण्यापुरती ठेवू नका. ओडिशा सरकारशी बोलून या कॉन्स्टेबल मंडळींच्या मुलाखती रेकॉर्ड करा, जुनी रजिस्टरं, चिठ्ठ्या, नळ्या जे काही शिल्लक असेल ते स्कॅन करून सगळ्यांना बघता येईल असं ठेवा, आणि हे काम याच वर्षी सुरू करा.

आपला,
एक कबुतरप्रेमी नागरिक