चि. करुणास, शरणपूरहून

शरणपूर रोड, नाशिक
ईस्टरनंतरचा बुधवार

चि. करुणा हिस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम सलाम.

तू शनिवारी सकाळी पंचवटी एक्सप्रेसने गेलीस, ईस्टरच्या उपासनेलाही थांबली नाहीस, त्याला आज पाचवा दिवस. पोहोचल्याचा निरोप तू मम्मीला धाडलास, आजीला नाही. उत्तम शुक्रवारच्या रात्री आजीचे वाचन संपताच तू म्हणालीस की ती गोष्ट पवित्र शास्त्रात, बायबलात, मुळात नव्हती, काही पुस्तकेही काढून टाकली गेली, मग हस्तलिखितांवर विश्वास ठेवता येतो का. त्याबद्दल रागावण्यासाठी मी लिहीत नाही, आणि शेवटच्या प्रार्थनेला तू आमेन म्हणाली नाहीस हा विषय काढायचा नाही असे ठरवूनच कागद घेतला होता. तरी तो निघालाच.

आधी हे मान्य करतो की तू खोटे काही बोलली नाहीस. योहानाच्या आठव्या अध्यायातली, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. सिनाई आणि व्हॅटिकन ही चौथ्या शतकातली दोन्ही हस्तलिखिते सातव्या अध्यायाच्या ५२व्या वचनावरून सरळ आठव्याच्या १२व्या वचनावर जातात, आणि काही प्रतींत तर हीच गोष्ट लूकच्या २१व्या अध्यायाच्या अखेरीस सापडते. मी छत्तीस वर्षे छापखान्यात प्रुफे तपासली आहेत. जागा बदलत फिरणारा मजकूर मागाहून आत आलेला असतो, हे मला पटवून द्यावे लागत नाही. पण तो फिरत राहतो याचा अर्थ असाही होतो की तो टाकून द्यायला लोक तयार नव्हते. जेरोमनेही आपल्या लॅटिन भाषांतरात ती गोष्ट ठेवली. आजी त्या रात्री दरवर्षी तीच वाचते, आणि का वाचते ते तुला माहीत आहे. तिने चष्मा काढण्याआधीच तू बोललीस.

योना संदेष्ट्याच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या झाडाची हकिकत तूच मला सांगितली होतीस. आफ्रिकेतल्या एका गावी बिशपने जेरोमचे नवे भाषांतर उपासनेत वाचले, त्यात लोकांना लहानपणापासून पाठ असलेल्या भोपळ्याच्या वेलाच्या जागी आयव्ही आली, आणि असा गदारोळ उठला की मंडळी हातची जाऊ नये म्हणून बिशपला माघार घ्यावी लागली. आफ्रिकेतलाच दुसरा बिशप ऑगस्टीन याने इ.स. ४०३च्या सुमारास जेरोमला हे पत्राने कळवले. आज पुष्कळ अभ्यासक म्हणतात की ते झाड एरंडाचे असावे. म्हणजे शब्द दोघांचाही चुकला असेल. पण ऑगस्टीनला काळजी झाडाची नव्हती, ऐकणाऱ्यांची होती, आणि माझीही तीच आहे.

हस्तलिखितांवर विश्वास ठेवता येतो का, या तुझ्या प्रश्नाला मी त्या रात्री उत्तर दिले नाही. अक्षरांचे खिळे हाताने जुळवायच्या काळात कंपोझिटरची नजर एका शब्दावरून पुढच्या ओळीतल्या त्याच शब्दावर जायची आणि मधल्या दोन ओळी गळायच्या. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायाआरंभी असेच घडले असावे. नाहाश राजा लोकांचे उजवे डोळे काढत असे, हा तिथला परिच्छेद नेहमीच्या हिब्रू पाठात नाही. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेतल्या गुंडाळीत तो मिळाला, आणि पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस यालाही ती हकिकत ठाऊक होती. त्याच गुहांतून यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची अखंड गुंडाळी निघाली, तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षांनी जुनी, आणि तिचा मजकूर बारीकसारीक फरक सोडले तर तोच निघाला. चूक होते, गळती होते, आणि मूळ प्रत समोर ठेवून पुन्हा वाचले की ती धरता येते. या विश्वासावर मी आयुष्यभर पोट भरले आहे.

तू नऊ वर्षांची असताना शाळेतून थेट छापखान्यात यायचीस. गीतपुस्तकाचे काम चालू होते. मूळ प्रत तू मोठ्याने वाचायचीस आणि मी प्रुफावर बोट फिरवायचो. एका दुपारी तू थांबलीस आणि म्हणालीस, पप्पा, तुम्ही एक ओळ सोडून पुढे गेलात. त्या गीताचे तिसरे कडवे आपल्या मंडळीत आज पुरे गायले जाते ते तुझ्यामुळे. हे मी कुणाला सांगितलेले नाही, तुलाही नाही.

म्हणूनच एक गोष्ट सलते. सॅमी मध्येच म्हणाला की निकियाच्या बिशपांच्या परिषदेने शास्त्रातली पुस्तके निवडली आणि बाकीची जाळली, आणि तू त्याला दुरुस्त केले नाहीस. इ.स. ३२५च्या त्या परिषदेने पुस्तकांची यादी ठरवली नाही. नव्या कराराच्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी प्रथम अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७च्या पत्रात दिसते, हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. आपल्या बाजूला उपयोगी पडते म्हणून समोरची चूक तशीच जाऊ देणे हे तुझे काम नव्हे. कठोर लिहिले, क्षमा कर. उपदेश करायचा नव्हता. तू निदान मनात तरी आमेन म्हणालीस का, एवढेच मला विचारायचे आहे, आणि तेच नीट विचारता येत नाही.

पुस्तके ‘काढून टाकली’ हा तुझा शब्द अर्धा खरा आहे. टोबीत, जुदिथ, मक्काबी ही पुस्तके ग्रीक जुन्या करारात होती. प्रोटेस्टंट सुधारक लूथरने १५३४ साली आपल्या जर्मन भाषांतरात ती दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली, कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली ती शास्त्रच असल्याचे ठरवले, आणि १६११च्या इंग्रजी शास्त्रातही ती होती. मग १८२६ साली लंडनच्या बायबल सोसायटीने ती छापायला पैसे द्यायचे नाहीत असे ठरवले, आणि आपल्यापर्यंत शास्त्र ज्या वाटेने आले ती वाट याच सोसायट्यांची होती. आपल्या घरात ६६ पुस्तके आणि कॅथलिक मारियाकाकूंकडे ७३, याच्या मागे वाद आहे, पैसा आहे आणि छापखाना आहे; लपवाछपवी नाही. भाषांतराचेही तसेच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्र मराठीत आणले ते अडाणी बायांना कळावे म्हणून, आणि दुसऱ्या धर्माचा वास येणारे शब्द त्यांनी जाणून टाळले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनातल्या मुलींनी छापलेला तो ग्रंथ पुरा बाहेर आला. आजीच्या आईने त्याचे खिळे जुळवले. ज्या पानांवर तू शुक्रवारी बोट ठेवलेस ती त्याच छापखान्यातली आहेत, आणि मला वाटते तेवढ्यासाठी तुझा आवाज थोडा खाली यायला हवा होता.

रविवारी मारियाकाकू बाळ येशूच्या देवळातून परतल्यावर मी त्यांचे शास्त्र मागून आणले आणि रोज संध्याकाळी आजीला टोबीत वाचून दाखवतो आहे. हे आपल्यात का नाही, असे तिने विचारले. मी १८२६चे सांगितले. ती म्हणाली, वाच. त्यातला बाप आंधळा झालेला आहे, डोळ्यांवर पांढरे पडदे आले आहेत, आणि मुलगा दूरदेशी जातो. निघण्यापूर्वी बाप त्याला अध्यायभर उपदेश करतो. मला तो एकदाही लांब वाटला नाही. आई रोज वाटेकडे बघत बसते. हे वाचताना माझा आवाज बसला, आणि मम्मीने पुढची पाने वाचली.

काल गोष्टीतला मुलगा परतला. मागून कुत्रा येतो, त्या जागी सिनाईच्या हस्तलिखितात ‘प्रभू’ असे पडले आहे, ग्रीकमध्ये ते दोन शब्द जवळचे आहेत, असे तू नाताळात सांगितले होतेस. मी आजीला दोन्ही पाठ सांगितले. तिने बराच वेळ विचार केला आणि विचारले, करुणा यातला कोणता वाचते? मला सांगता आले नाही. सोमवारी सकाळी आठला तिला मोतीबिंदूसाठी न्यायचे आहे. त्याआधी फोन कर आणि ते तिला तूच सांग.

तुझे,
पप्पा