एकाच वाडग्यासमोर दोघी उपाशी

टोकियो, रविवार रात्र

तीर्थरूप अब्बांना आणि अम्मीला सलाम,

चौथीत तुम्ही फळ्यावर पत्राचा मायना लिहून दिला होता, 'ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार'. माझ्या वहीत मात्र स्वतःच्या हाताने खोडून 'ती. अब्बांना सलाम' केलं होतं. तोच अजून अंगवळणी आहे. शुद्धलेखन तपासाल, माहीत आहे. लाल पेन जवळ ठेवूनच वाचा.

अम्मी, आधी कबुली देते. गेले आठ दिवस तू व्हिडिओ कॉलवर 'जेवलीस का गं' विचारायचीस आणि मी 'हो, पोटभर' म्हणायचे. खोटं होतं ते. केळी, उकडलेली अंडी, दही आणि तुझी सुकटीची चटणी, एवढ्यावर दिवस काढले. भात इथे दुकानात डब्यातला तयार मिळतो, दोन मिनिटं गरम केला की झालं. चटणीची बरणी पहिल्यांदा उघडली तेव्हा कळलं की हॉटेलच्या खोलीची खिडकी चार बोटांपलीकडे उघडत नाही. पुढचं सांगत नाही. आणि तू सुकवलेला खिमा बांधून देत होतीस, तो मी नको म्हटला म्हणून रुसलीस, पण या देशात बाहेरून मांस आणूच देत नाहीत. मासळी चालते. आपल्या कोकणातल्या माणसाला तेवढं पुरे.

मला वाटलं होतं, डुक्कर टाळलं की झालं. 'बुता' म्हणजे डुक्कर हा शब्द तर पुण्यात जपानीच्या वर्गातच पाठ झाला होता. पण इथे अडचण ताटात दिसत नाही, ती रश्शात असते. रामेन म्हणजे गव्हाच्या शेवया गरम रश्श्यात. त्यातला सगळ्यात गाजलेला रस्सा 'तोन्कोत्सु', म्हणजे डुकराची हाडं तासन् तास उकळून काढलेला. वर डुकराच्या मांसाच्या चकत्या. हे सोडून दिलं तरी मिरिन राहतं. ते तांदळापासून केलेलं गोड पातळ मद्य, साधारण 14 टक्के अल्कोहोलचं, आपण चिमूटभर गूळ घालतो तसं हे लोक कशातही घालतात. शिजताना उडून जातं म्हणतात. मी त्या वादात पडत नाही. मुद्दाम घातलेलं आहे, एवढं मला पुरे. सोया सॉसच्या काही बाटल्यांत तर टिकावं म्हणून वरून अल्कोहोल घालतात, ते मागच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मी दुकानात एकेक पाकीट मोबाइलसमोर धरून वाचत उभी असते. अब्बा, तुम्ही एसटीचं वेळापत्रक वाचायचात तशी.

माझ्याबरोबर ऑफिसातली जी आली आहे ती सदाशिव पेठेतली, घरी अंडंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, शाकाहारी आहे, हिचं सोपं. तिला वाटत होतं, ही मासे खाते, हिचं सोपं. चौथ्या दिवशी दोघी उदोनच्या दुकानात शिरलो. जाड पांढऱ्या शेवया, स्वच्छ पाण्यासारखा रस्सा, वर कांद्याची पात. इतकं निरागस जेवण मी पाहिलं नव्हतं. तिने मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, 'मासा आहे का?' आहे. इथल्या बहुतेक रश्श्यांचा पाया 'दाशी', म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे उकळून काढलेलं पाणी. मला आनंदच झाला, ही तर आपल्या सुकटीची सख्खी बहीण! मग मी विचारलं, 'मिरिन?' तेही आहे. तर एकच वाडगा, माशामुळे तो तिला चालेना आणि मिरिनमुळे मला. पैसे तर आधीच दिलेले. दुकानदार आमच्याकडे आणि वाडग्यांकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी आम्ही दोघी इतक्या हसलो की बाजूच्या आजोबांनाही हसू फुटलं, कशाला ते न कळता. रात्री तिच्या चिवड्याने आम्हाला तारलं. (तो चिवडा तिच्या आईने केलेला आहे आणि छान आहे. तुला राग येऊ देऊ नकोस.)

आणि आज आसाकुसाला गेलो. तिथे सेन्सो-जी हे टोकियोतलं सगळ्यात जुनं बौद्ध मंदिर आहे, वेशीला माणसापेक्षा उंच लाल कंदील टांगलेला. अब्बा, तुमच्यासाठी एक माहिती: 1910 साली याच आसाकुसात राइराइकेन नावाचं दुकान निघालं. योकोहामाहून चिनी आचारी आणून त्यांनी रामेनच्या या शेवया टोकियोच्या माणसांना लावल्या. म्हणजे आज ज्याला सगळं जग जपानी म्हणतं ते मुळात चिनी, आणि जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं नावही 'चिनी शेवया' असंच होतं.

त्याच भागातल्या एका गल्लीत मला हलाल रामेनचं दुकान सापडलं. दारावर पाटी होती. तरी मी दारात उभीच. कारण इथे हलाल ठरवणारी एकच सरकारी संस्था नाही. दाखले देणाऱ्या संस्था बऱ्याच, आणि काही ठिकाणी नुसतं 'मुस्लिम फ्रेंडली' लिहितात, म्हणजे मांस हलाल पण शेजारच्या टेबलावर बीअर. ते वाईट असं नाही, पण आधी कळलेलं बरं. आत गेले आणि सवयीने विचारलंच. आचारी पन्नाशीचा असावा, डोक्याला रुमाल. तो न वैतागता आत गेला आणि सोया सॉसची बाटलीच घेऊन आला. बोट ठेवून दाखला दाखवला. मग म्हणाला, रस्सा फक्त कोंबडीचा, दुकानात दारू येतच नाही. शेवटी मान लववून, 'सावकाश जेवा.'

अम्मी, तो रस्सा! कोंबडीची हाडं इतकी उकळलेली की रस्सा दुधासारखा झालेला. पहिला घोट घेतला आणि ओठ एकमेकांना चिकटले. ईदच्या दुसऱ्या दिवशी तुझा खुरांचा पाया पिताना चिकटतात ना, अगदी तसे. मसाला नाही, तिखट नाही, लवंग-मिरी काही नाही, नुसता हाडांचा अर्क आणि मीठ. पहिल्या तीन घोटांना वाटलं, आजाऱ्याचं जेवण आहे. चौथ्याला कळलं की हा माणूस तुझ्यासारखाच पहाटे उठून चुलीपाशी उभा राहत असणार. वर अर्धं अंडं, बलक मऊ, बाहेरून तपकिरी मुरलेलं. शेवया फुर्र आवाज करत ओढायच्या, इथे ते अशिष्ट समजत नाहीत. अब्बा, तुम्ही लहानपणी ज्या आवाजावरून मला टपली मारलीत, तो आज मी टोकियोत राजरोस केला. सदाशिव पेठेलाही तिथे भाज्यांच्या रश्शाचा एक वाडगा मिळाला, मासा न घातलेला. दोघींनी तळ दिसेपर्यंत प्यायलं. बाराशे येन, म्हणजे आपले सातशेच्या आसपास. अम्मी, किंमत वाचून सोडून दे.

इथले लोक जेवायच्या आधी हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात, मला मिळतंय ते नम्रपणे घेतो अशा अर्थाचं. मी बिस्मिल्ला म्हटलं, ती 'वदनी कवळ' पुटपुटली, आणि शेजारच्या टेबलावर एक मलेशियन कुटुंब त्यांच्या पोराला चॉपस्टिक धरायला शिकवत होतं.

पुढच्या शनिवारी जमलं तर कोबेला जाईन. तिथली मशीद 1935 सालची, जपानमधली पहिली. ती बांधायला तिथल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली, त्यात हिंदुस्थानातून गेलेले बरेच होते. 1945 च्या बॉम्बहल्ल्यातून वाचली, 1995 च्या भूकंपातूनही. मी विचार करते, त्या व्यापाऱ्यांनी तेव्हा कोबेत काय खाल्लं असेल? घरीच शिजवत असतील. कुणाला काही विचारायची वेळच येऊ दिली नसेल.

अब्बा, हे सगळं तुम्हाला पत्रात लिहायचं कारण वेगळं आहे. आचारी बाटली घेऊन आला तेव्हा मला एकदम गणपतीपुळ्याची सहल आठवली. तुमच्या शाळेतली सगळी गुरुजी मंडळी, मी तुमच्या बोटाला धरून. परतीच्या वाटेवर धाब्यावर सगळ्यांनी कोंबडी मागवली, आणि तुम्ही म्हणालात, 'माझं पोट जरा बरं नाही, दहीभात सांगा.' मलाही दहीभातच दिलात. नंतर लग्नांत, निरोप समारंभांत, तुमचं पोट कितीदा तरी बरं नसायचं. घरी आल्यावर मात्र अम्मीकडून दोन भाकऱ्या मागून घ्यायचात. मी मोठी झाले आणि पुण्यात ऑफिसच्या पार्ट्यांत मीही 'आज डाएट आहे' म्हणायला लागले. कोण विचारत बसणार, कोण समजावून सांगणार, आणि उगाच कुणाचा घास कशाला अडवायचा.

आज मी विचारलं, आणि समोरच्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

फोनवर हे बोलू नका. तुम्ही हसण्यावारी न्याल आणि अम्मी मध्येच बोलेल. पत्रातच लिहा: गणपतीपुळ्याहून येताना तुमचं पोट खरंच बिघडलं होतं का?

तुमची धाकटी

ता. क. अम्मी, मी आले की पाया कर. शेवया मी इथून आणते, कोरड्या, नुसत्या गव्हाच्या. पाकीट वाचून घेतलंय.