माझ्या अंगणवाडीतल्या पोरीला, म्हणजे आमच्या मॅडमला

प्रिय पोरी,

आधी 'मॅडम' लिहायला घेतलं होतं, पण हात अडला. जिचं नाक मी पदरानं पुसलं, ताणकाट्याला लटकवून जिचं वजन केलं आणि कुपोषणाच्या ग्रेड दोनच्या रकान्यात भरलं, तिला कागदावर मॅडम कसं म्हणू? मैदानावर म्हणत होते, कारण तिथं तुझा हुकूम होता. तू मात्र शेवटपर्यंत मला 'बाई'च म्हणालीस. 'बाई, हनुवटी छातीला लावा. बाई, हात मागं टेकवायचा नाही म्हटलं ना!'

श्रावणात तू पोलीस ट्रेनिंगला निघालीस तेव्हा एसटीपाशी अर्धं गाव जमलं होतं. तू आम्हा बायांना पडायला, स्वतःला वाचवायला शिकवलंस, त्याचे आभार त्या गडबडीत राहूनच गेले. म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे.

सुरुवात कशानं झाली ते तुला आठवत नसेल, मला पक्कं आठवतं. दिवाळी होऊन गेली होती. तू अंगणवाडीच्या दारात उभी होतीस. पोरं गोल करून बसली होती, मी खिचडी वाढायला उठले. एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला, आणि तोंडातून 'अगं मायवं'. मग हात धुवायला अठराच्या अठरा पोरं उठली ती गुडघ्यावर हात ठेवून, 'अगं मायवं' करत. त्यांना वाटायचं, उठायची रीतच ही. मदतनीस हसली, मीही हसले. तू काही हसली नाहीस. म्हणालीस, "बाई, वय किती तुमचं?" "अठ्ठेचाळीस." "उद्या साडेपाचला शाळेच्या मैदानात या."

मला वाटलं, फिरायला नेशील. तू तर तिथं आधीच आठशे मीटर पळून, चार किलोचा गोळा फेकून घामाघूम उभी होतीस. तिसऱ्यांदा भरतीची तयारी करून राहिली होतीस, तरी आम्हा सात जणींना रोज तासभर दिलास, पैसा घेतला नाहीस.

पहिल्या दिवशी मात्र तू काहीच शिकवलं नाहीस, उपकेंद्रातल्या सिस्टरकडं पाठवलंस. बीपी आणि साखर तपासून आल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. तेव्हा मला राग आला होता. मग कपड्यांचा घोळ. ट्रॅकपँट घालून गावातून जायचं कसं? त्यावर आमच्या सात जणींतल्या मावशीच म्हणाल्या, कापूस वेचायला जाताना साडीवर नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट घालतोच ना, तेव्हा कोण पाहते? मग तोच शर्ट, खाली मुलाची ट्रॅकपँट. पानठेल्यावरून आवाज आला, "आल्या बाप्पा झाशीच्या राण्या!" आठवडाभर आला, मग त्यांचाच कंटाळा झाला. घरी हे म्हणाले, "या वयात काहून कुस्ती खेळून राहिली?" ते अजूनही म्हणतात.

आम्हाला वाटलं होतं, ठोसे मारायला शिकवशील. तू आधी पडायलाच शिकवलंस. मॅट कुठून आणणार? तर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरलं, त्यावर ताडपत्री, वर दोन वाकळी. तरी टोचायचं. आधी पाठीवर झोपूनच हात आपटायचे, मग उकिडवं बसून मागं लोळायचं, आणि उभं राहून पडायचं ते पार संक्रांतीनंतर. हनुवटी छातीला, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल. खाली जाता जाता श्वास सोडायचा आणि दोन्ही हात शरीरापासून थोडे लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत जमिनीवर सपकन मारायचे. ज्युदोत याला उकेमी म्हणतात, असं तू सांगितलंस. मावशी त्याला सरळ 'निकामी' म्हणायच्या. "चाल माय, निकामी करून घेऊ."

हे आधी का, हे मी विचारलं तेव्हा तू माझ्या मोठ्या जाऊबाईंचं नाव घेतलंस. त्या अंगणात घसरल्या, सवयीनं हात मागं टेकवला आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर, अजून भाकरी थापताना बोटं आखडतात. पाळी गेल्यावर बाईची हाडं विरळ होतात, म्हणालीस, अंगावर गुंड येईल की नाही ठाऊक नाही, पण पाऊस तर दरवर्षी येणारच आहे.

मी वादही घातला. आम्ही शेतात दिवसभर राबतो, मग हा व्यायाम कशाला? तू उडवून लावलं नाहीस. सांगितलंस की जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं हालचाल सांगते आणि कामातली मेहनतही त्यात धरते. पण निंदण असो की वेचणी, सगळं पुढं वाकून. ढकलणं, तोल सावरणं, एका पायावर उभं राहणं यातून कुठं होते? मग मला एका पायावर उभं केलंस. दहा आकडेही झाले नाहीत. वाद तिथंच संपला.

ही शिस्त तू अमरावतीच्या हनुमान आखाड्यातून आणलीस. 1914 साली वैद्य बंधूंनी काढलेल्या त्या संस्थेचं पथक 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलं, हे तूच एकदा सूर्यनमस्कार घालता घालता सांगितलंस. आमचा श्वास फुलला होता म्हणून कुणी 'हो' म्हणालं नाही, ऐकलं मात्र सगळ्यांनी.

मनगट कुणी धरलं तर नुसतं ओढायचं नाही, त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं फिरवून सोडवायचं. मूठ नाही, तळव्याचा खालचा भाग वापरायचा, कारण आपली बोटं आधीच दुखरी. आणि समोरचा पळाला की मागं लागून मारायचं नाही, कायदा बचावापुरताच हक्क देतो. एवढं सगळं जमलं. ओरडणं जमेना. एक हात पुढं, तळवा समोर, आणि पोटातून "मांगं हो!" सातही जणींच्या गळ्यातून पिचका आवाज. मी तर गाण्यासारखं म्हटलं, अंगणवाडीची सवय. तू म्हणालीस, "बाई, बकरी वाळवणात तोंड घालते तेव्हा कशा ओरडता? तसं." त्या सकाळी शाळेच्या भिंतीवरचे कावळे उडाले.

जुलैमध्ये, तू इथं होतीस तेव्हाच, नाल्याजवळ पडले ते तुला नीट सांगितलं नव्हतं. आपली खारपाणपट्ट्यातली माती, दोन दिवसांचा पाऊस, चपलेला किलोभर चिखल. पाय गेला. विचार करायला वेळच नव्हता, पण हात मागं गेला नाही. सपकन आवाज आला तेव्हा कळलं की मी पडले आहे. रजिस्टर चिखलात, छत्री नाल्यात. कंबरेला मुका मार, तीन दिवस आंबेहळद. हाडाला काही नाही. मी चिखलात पडल्या पडल्या हसत होते, आणि सायकलवरून जाणारा शेजारचा पोरगा घाबरून थांबला.

वजन म्हणशील तर दोन किलोच उतरलं. साखर काठावरच आहे. पण ताट घेऊन उठताना आता भिंत लागत नाही.

तुझ्यामागं आम्ही पाच जणी येतो. तळवे मारायला झाडाला टांगलेलं कुटाराचं पोतं फाटलं होतं, मावशींनी दाभणानं सुतळी घालून शिवलं. पोरांनीही 'अगं मायवं' सोडलं. काल दुपारी अंगणवाडीत बकरी शिरली, खिचडीच्या पातेल्याकडं निघाली. तीन वर्षांचं एक पोट्टं उठलं, हात पुढं केला, तळवा समोर, आणि असं काही ओरडलं की बकरी तर गेलीच, मदतनीसही दोन पावलं मांगं झाली.

तुझी,
बाई