बाई, शेवटच्या सतरंजीबद्दल आभार

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही. मंडळीच्या वार्षिक अहवालात आभाराच्या यादीत तुमचं नाव छापलं, तर तुम्ही सेक्रेटरींना बाजूला घेऊन ‘पुढच्या वर्षी ही ओळ काढा, तेवढीच शाई वाचेल’ असं सांगता. म्हणून इथं तुमचं नाव, गाव, शाळा काहीच लिहीत नाही. नगर जिल्ह्यात महिला मंडळ चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका काही कमी नाहीत. वाचणाऱ्याला आपल्याच मंडळीतल्या बाई आठवल्या तर फार बरं होईल.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझा भाव जरा चढा होता. एम. ए. मराठी, आवाज बरा, वचनं तोंडपाठ. नाताळचा सप्ताह असो की उपवास-प्रार्थना, संदेशाला मला बोलावणं यायचं. उपासना संपली की दाराशी उभं राहायचं, लोकांनी हात हातात घेऊन ‘आशीर्वादित झालो’ म्हणायचं, आणि मी मान खाली घालून ‘प्रभूचीच कृपा’ म्हणायचं, असा तो सोहळा असे. तुम्ही त्या रांगेत कधी आला नाहीत. सगळे पांगल्यावर चपला शोधता शोधता एवढंच विचारलंत, “शेवटच्या सतरंजीला काय कळलं?”

आपल्या देवळात पुढे बाकं आणि मागे सतरंज्या. ऊसतोडीवरून परतलेल्या, वस्तीवरून चालत आलेल्या बायका लेकरं घेऊन मागेच बसतात, कारण पोर रडलं की उठून बाहेर जाता येतं. त्या रविवारी मी बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर बोललो होतो. देवाच्या स्वरूपाचा असूनही ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, हा भाग. ग्रीक शब्द सांगितला होता, त्यावर जुन्या टीकाकारांचे मतभेदही सांगितले होते. तुम्ही त्या बायकांतल्या एकीला हाक मारलीत आणि मला म्हणालात, “हिला सांगा, बोलल्यासारखं.” मी सांगितलं. तो वर होता, खाली आला, दास झाला, वधस्तंभावर मेला. तिनं पोराचं नाक पुसत विचारलं, “मग त्याला परत वर कोणी नेलं?”

नववं वचन तिनं कधी वाचलेलं नव्हतं. ‘म्हणून देवाने त्याला अत्युच्च केले’ हे त्या अध्यायात पुढेच आहे आणि माझा संदेश त्याच्या आधी संपला होता, कारण वधस्तंभापाशी थांबलं की शेवट भारदस्त होतो. तिला मात्र गोष्ट पुरी हवी होती. जो खाली उतरला त्याला उचलणारा देव होता, तो स्वतःच्या हातानं वर चढला नाही, ही त्या सगळ्या उताऱ्याची कळ आहे. लीन व्हायला माणूस भितो ते ‘मग मला उचलणार कोण?’ या प्रश्नापायी. तिनं तो सहज विचारला. तेव्हापासून संदेश लिहिला की मी तो आधी कोणालातरी बोलल्यासारखा सांगून पाहतो. ही सवय तुमची देणगी आहे, आणि आभारांत ती सगळ्यात वर.

दुसरे आभार पंडिता रमाबाईंबद्दल. मी त्यांच्याविषयी पुष्कळ वाचलं होतं, पण ते माहिती म्हणून. 1878 साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुम्ही मला या सनावळीच्या पुढे नेलंत. एका दुपारी त्यांनी भाषांतर केलेलं बायबल माझ्या हातात देऊन म्हणालात, “वाचा, आणि तुमच्या एम. ए.ला अवघड जाईल असा शब्द सापडला तर सांगा.”

रमाबाईंचं संस्कृत एवढं की भल्याभल्या शास्त्र्यांनी गप्प बसावं. त्यांनी मनात आणलं असतं तर पंडितांनी मान डोलवावी असं मराठी बायबल त्या सहज लिहू शकल्या असत्या. पण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी निराधार बायकांसाठी उभारलेल्या मुक्ती सदनात त्यांच्यासमोर बसलेल्या बायका दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून रमाबाईंनी उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख तिथंच झाली. त्यांना वाचता यावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं मुद्दाम सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घातली. छपाईचे खिळे जुळवले ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींनी. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि पुरं बायबल 1924 साली निघालं, म्हणजे ते छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. भाषेचा माणूस म्हणून मला हे फार लागलं. येत असलेलं वापरायचं नाही, समोरच्याला पेलेल तेवढंच द्यायचं, याला काय लागतं ते लिहिणाऱ्यालाच कळतं.

आणि हेही तुम्हीच दाखवलंत की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिलं : तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी मोठी बाई असं छापून टाकते आणि आपण मंडळीत अर्पणाची पावती वाचून दाखवली नाही म्हणून रुसतो. (हे तुमचं वाक्य आहे. माझ्या नावावर खपवत नाही.)

आता जरा अवघड आभार. संदेशाच्या सुरुवातीला मी नेहमी म्हणायचो, ‘मी अपात्र, मातीचं भांडं, मला बोलता येत नाही, तरी प्रभूनं उभं केलंय.’ आपल्याकडे ही प्रस्तावना इतकी रुळलेली आहे की ती नसली तर लोकांना वक्ता उद्धट वाटतो. तुम्ही म्हणालात, “बोलता येत नसेल तर बसा. येत असेल तर बोला. मधे तुम्ही कशाला?” तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्यासारख्या माणसाचा गर्व इथंच घर करून होता. स्वतःला कमी म्हणणाराही स्वतःबद्दलच बोलत असतो, आणि ऐकणाऱ्यानं ‘छे छे, असं कसं’ म्हणावं याची वाट बघत असतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो की मेजवानीला गेलास तर शेवटच्या जागी जाऊन बस. आपल्या सत्कार समारंभांत कितीतरी लोक हे वचन अक्षरशः पाळतात! मागच्या खुर्चीवर बसतात आणि ‘साहेब, पुढे या, पुढे या’ होईपर्यंत डोळे स्टेजवरून हलवत नाहीत. तुम्ही मात्र शाल-श्रीफळाच्या वेळी स्वयंपाकघरात असता आणि खरोखरच रश्शाला मीठ बघत असता.

मात्र तुमची लीनता मऊ होती असं कोणी समजू नये. पंचांच्या बैठकीत एकदा एकानं तरुणांना दम भरला, “नम्र राहा, वडिलांपुढे बोलू नका.” तुम्ही उभ्या राहिलात. म्हणालात की माझी आजी वाड्यासमोरून वाकून जायची, पायातलं हातात घेऊन. तिला कोणी विचारलं नव्हतं की तुला लीन व्हायचंय का. त्याला नम्रता म्हणू नका, आणि नम्रतेचं नाव घेऊन पोरांना तेच पुन्हा शिकवू नका. बैठकीत शांतता पसरली. आपल्यापैकी बहुतेकांचे पणजे गावकुसाबाहेरून या मंडळीत आले. त्यांना सुवार्तेनं पहिल्यांदा पाठीचा कणा दिला. लीन होणं ज्याच्याकडे उभं राहण्याचा हक्क आहे त्यालाच शक्य आहे. ज्याला उभंच राहू दिलं नाही, त्याच्या वाकण्याचं पुण्य वाकवणाऱ्यानं मागू नये.

त्याच संध्याकाळी तुम्ही मला मोशेचं वचन काढून दिलंत, गणना 12:3. भूतलावरच्या सगळ्या माणसांपेक्षा मोशे नम्र होता, असं तिथं आहे. हाच मोशे मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहून ‘माझ्या लोकांना जाऊ दे’ म्हणाला होता. (हे वचन खुद्द मोशेनंच लिहिलं असेल तर मग अवघडच आहे, असं म्हणून तुम्ही पदरानं तोंड झाकून हसला होतात.) रमाबाईंचंही तसंच. इंग्लंडात चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवू नये म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी मान तुकवली नाही. मलाही विवेक आहे, मलाही स्वतःचं मत आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. वाँटेजच्या मठातल्या ज्या सिस्टरवर त्यांचा जीव होता तिच्याशीही त्या शिकवणुकीवरून पत्रांतून भांडल्या. देवापुढे लीन असणं आणि माणसांपुढे लाचार असणं यांची गल्लत आपल्या मंडळ्यांत रोज होते, आणि ती बहुतेक वेळा खुर्चीवर बसलेल्यांच्या सोयीची असते. तुमच्यामुळे मला ती ओळखता येऊ लागली.

नोकरी गेली त्या काळाबद्दल लिहायचं की नाही, यावर पुष्कळ विचार केला. घरी तुम्ही डबा पाठवायला लागलात. भाकरी, पिठलं, कधी शेंगदाण्याची चटणी. मी दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा तुम्ही स्वतः आलात, गुडघे दुखत असताना जिना चढून, आणि दारातच म्हणालात, “पेत्र होऊ नका.” आधी कळेना. मग आठवलं, योहान 13. येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुवायला वाकतो आणि त्यांतला पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्हाला कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला केवढं नम्र! आणि प्रभू त्याला सांगतो, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री आपण हा पाठ दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी पाय धुणाऱ्यावर बोलतो. पाय पुढे करायला काय लागतं यावर मी एकही संदेश ऐकलेला नाही. देणाऱ्याचा हात वर असतो म्हणून आपल्याला देणं आवडतं. घेताना हात खाली जातो. त्या डब्यातलं मी मुकाट्यानं खाल्लं आणि त्या महिन्यात प्रार्थनेबद्दल जे कळलं ते आधीच्या सगळ्या पाठांतरात कळलं नव्हतं. बाई, ती भाकरी जरा जाड असायची, हेही आता सांगून टाकतो.

कापणीच्या सणाबद्दल लिहिलं नाही तर महिला मंडळ मला सोडणार नाही. अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव सुरू झाला की आपल्या मंडळीचा स्वभाव उघडा पडतो. भोपळ्याला हजारांची बोली लागते, माईकवरून नाव पुकारलं जातं, टाळ्या पडतात, पुढच्या बाकावरचा दुसरा लगेच त्याच्यावर चढतो. पैसा मंडळीलाच मिळतो, म्हणून कोणी काही बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही. गावठी कोंबडा, बाजरीचं पोतं यांना गिऱ्हाईक असतंच. वस्तीवरच्या म्हातारीनं आणलेली कोमेजलेली मेथीची जुडी तशीच राहते. पुकारणाराही तिच्यावर रेंगाळत नाही. तुम्ही दरवर्षी त्या जुडीवर बोली लावता, वीस रुपये, पंचवीस रुपये, आणि अगदी घासाघीस केल्यासारखी, म्हणजे कोणाला दया वाटू नये. मग ती प्रीतिभोजनाच्या डाळीत घालता आणि वाढताना त्याच म्हातारीला विचारता, “मेथी कुठली हो, चव आहे.” यंदा मी ते जवळून पाहिलं. टेबलापाशी उभा होतो आणि माझ्या मनात एका भोपळ्याची बोली तयार होती. ती मी लावली नाही, एवढंच.

पाळकसाहेबांनी येत्या महिन्यात मला परुशी आणि जकातदाराच्या दाखल्यावर बोलायला सांगितलं आहे, म्हणजे प्रार्थनेत स्वतःचीच स्तुती करणारा धर्मनिष्ठ आणि ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणणारा करवसुल्या. मसुदा सोबत जोडला आहे. पहिलं पान मीच खोडलंय, त्यात माझ्याबद्दल फार होतं. तिसऱ्या पानावर एक ग्रीक शब्द ठेवलाय. तो मला हवा आहे, पण तुम्ही लाल पेन चालवलंत तर तक्रार नाही. आणि जमलं तर त्या दिवशी मागे, सतरंजीवर बसा. तुम्हाला ऐकू येतंय का ते मला तिथूनच कळायला हवं. गुडघ्यांसाठी स्टूल आणून ठेवतो. स्टूल नको म्हणू नका, पेत्राची गोष्ट आता मलाही येते.

घरच्यांचा सलाम. डबा धुऊन पाठवत आहे. या वेळी तो रिकामा नाही.

तुमचा,
मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी