किनाऱ्यावरचे लग्न आणि कासवांची वीण

महोदय,

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर लग्न करण्याची हौस वाढते आहे. तिला आक्षेप नाही. मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी मांडवापर्यंत येऊ शकते, हे मुहूर्त काढतानाच ध्यानात घ्यावे (तिथी पंचांगात असतेच). त्याहून गंभीर बाब अशी, की ऐन लग्नसराईचा नोव्हेंबर ते मार्च हा काळ ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचाही असतो, आणि वेळास, आंजर्ले, मोरजी किंवा आगोंद येथे रात्री अंडी घालण्यासाठी येणारी मादी प्रखर दिवे व वर्दळ यांमुळे बिचकून माघारी फिरू शकते. अशा किनाऱ्यांवर परवानगी देतानाच सूर्यास्तानंतर दिवे आणि ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची अट प्रशासनाने घालावी. मावळतीची छायाचित्रे तोवर काढून झालेली असतातच.

– एक वाचक, दापोली