मोनोशॉकचे श्रेय टिल्केन्स यांना द्यावे

संपादक महोदय,
सस्नेह नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतील जुन्या मोटोक्रॉस गाड्यांवरचा (म्हणजे खडबडीत, मातीच्या मार्गावर शर्यतीत धावणाऱ्या मोटरसायकलींवरचा) लेख मी दोनदा वाचला. युरोपातील कारखाने गाफील राहिले आणि जपानी कंपन्यांनी केवळ स्वतःच्या तंत्रज्ञानाच्या बळावर त्यांना मैदानातून हुसकावून लावले, असे जे चित्र त्यात रंगवले आहे, ते मला अजिबात मान्य नाही. सुझुकीला 1970 साली मोटोक्रॉसचे पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले ते ज्योएल रोबेर या बेल्जियन स्वाराने, आणि तो त्याआधी सीझेड या चेकोस्लोव्हाक बनावटीच्या गाडीवर तीनदा विश्वविजेता झालेला होता. 500 सीसी गटात सुझुकीसाठी पाच विजेतीपदे जिंकणारा रॉजर डी कॉस्टरही बेल्जियनच आणि तोही सीझेडवरूनच आलेला. शिवाय 1974 साली 500 सीसीचे विजेतेपद हेइक्की मिक्कोलाने हुस्कवार्नावर आणि 250 सीसीचे गेनादी मोइसेयेवने केटीएमवर जिंकले, म्हणजे लेखकांनी ज्यांना तोवर मोडीत काढले आहे, ते कारखाने त्या वर्षी दोन्ही गटांत अव्वल होते.

मला सर्वांत अधिक खटकले ते मोनोशॉकविषयीचे विधान. लेखात त्याला यामाहाचा शोध म्हटले आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या आखूड शॉक अॅब्झॉर्बरऐवजी टाकीखालून पुढे जाणारा एकच लांब शॉक बसवण्याची ही रचना ल्युसियाँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याची आहे. यामाहाने तिचे मोल ओळखले, तिच्यावर पैसा आणि मेहनत खर्च केली, होकान अँडरसन या स्वीडिश स्वाराने 1973 साली तिच्या जोरावर 250 सीसीचे विश्वविजेतेपद मिळवले, आणि पुढे ती दुकानात विकायच्या गाड्यांतही आली. यामाहाचे हे श्रेय मी मुळीच नाकारत नाही, परंतु संपूर्ण लेखात टिल्केन्स यांचे नाव एकदाही येऊ नये, हे अन्यायाचे आहे.

जपानी विरुद्ध युरोपीय अशी ढोबळ विभागणी केली की काय होते, हे मी इथे बेल्जियममध्ये स्वतः अनुभवले आहे. माझ्याकडे 1975 ची यामाहा वायझेड 250 आहे. जुन्या गाड्यांच्या एका शर्यतीसाठी मी ती घेऊन गेलो असता, मागे दोन शॉक नाहीत एवढ्याच कारणावरून आयोजकांनी तिला जुन्या गटात प्रवेश नाकारला आणि रेडिएटर व डिस्क ब्रेक असलेल्या कितीतरी अधिक नव्या गाड्यांबरोबर धावण्यास सांगितले. त्याच जुन्या गटात 1981 ची मायको ही मागे दोन शॉक असलेली जर्मन गाडी मात्र सन्मानाने उभी होती, जी माझ्या गाडीहून सहा वर्षांनी नवी, अधिक ताकदीची आणि सस्पेन्शनच्या बाबतीत कितीतरी पुढची आहे. मायकोबद्दल मला नितांत आदर आहे आणि तिच्या मालकाशी माझे काही भांडणही नाही. परंतु एका बेल्जियन माणसाच्या कल्पनेवर उभी असलेली गाडी बेल्जियममध्येच 'जपान्यांची आधुनिक गाडी' म्हणून बाजूला काढली जाते, याचे मला आजही वाईट वाटते. तुमच्या लेखासारखे लेखन वाचून हाच गैरसमज आता मराठी वाचकांतही रुजणार आहे.

जाता जाता छायाचित्राविषयीही लिहिणे भाग आहे. '1972 ची सुझुकी' असे लिहून छापलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे आणि टाकीखाली दोन्ही बाजूंना रेडिएटर आहेत. 1972 साली या गाड्यांना ड्रम ब्रेक असत आणि त्यांची इंजिने हवेवरच थंड होत. छपाईपूर्वी एखाद्या जाणकार मेकॅनिकला ते छायाचित्र दाखवले असते, तरी ही चूक टळली असती.

पुढील रविवारच्या पुरवणीत टिल्केन्स यांच्या नावासह दुरुस्ती छापावी आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात न टाकता, लेख ज्या पानावर आला होता त्याच पानावर द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, लिएज (बेल्जियम)